नागपुरात जुना ओरिजिनल ब्रँडेड गॉगल घ्यायचा असेल तर आधी काय पाहायचं

जुना ब्रँडेड गॉगल हातात आला की बहुतेक लोक आधी लोगो पाहतात, आणि नेमका लोगोच सगळ्यात सोपा असतो नकली करायला. उन्हाळा लागला की बर्डीच्या मेन रोडवर गॉगलचे स्टँड लागतात, अर्ध्याच्या वर पिसांवर रेबॅन लिहिलेलं असतं, तिथे कोणी कोणाला फसवत नाही, घेणाऱ्यालाही माहीत असतं आपण काय घेऊन राहिलो. अडचण वेगळीच आहे. ९०च्या दशकात असाच फुटपाथवरून घेतलेला डुप्लिकेट गॉगल आता तीस वर्षं जुना झालाय, त्याच्यावर खरेखुरे चरे पडलेत, सोनेरी रंग खरोखरच उडालाय, आणि तो आज कोणाच्या तरी कपाटातून निघून "आजोबांचा विंटेज पीस" म्हणून विकायला येतो. विकणाऱ्यालाही तो खराच वाटत असतो. म्हणून जुना दिसतो म्हणजे ओरिजिनल, हे डोक्यातून आधी काढून टाका.

मग पाहायचं काय, तर एका फ्रेमवर जेवढ्या खुणा आहेत, म्हणजे काचेवरचं कोरीव काम, दांडीच्या आतले आकडे, देशाचं नाव, बिजागरी, मटेरियल, ह्या सगळ्या एकाच काळाच्या आणि एकाच कारखान्याच्या आहेत का ते. एकेक खूण नकली करता येते, पण सगळ्या मिळून बरोबर जुळवायला नकली करणाऱ्याला इतिहास माहीत असावा लागतो, आणि तो तेवढी मेहनत घेत नाही. तुम्ही तो इतिहास थोडा माहीत करून घेतला की बाजारात कोणी काहीही सांगू द्या, फ्रेम स्वतःच सांगते.

रेबॅनपासूनच सुरू करू, कारण आपल्याकडे जुन्यात तेच जास्त निघतात. हा ब्रँड १९३७ मध्ये अमेरिकेतल्या बॉश अँड लोम्ब कंपनीने आणला, रोचेस्टर गावातली कंपनी, वैमानिकांसाठी चकाकी कमी करणारा गॉगल म्हणून, तोच पुढे एव्हिएटर. जाड प्लास्टिक फ्रेमचा वेफेरर १९५२ मध्ये आला. १९९९ मध्ये बॉश अँड लोम्बने रेबॅन इटलीच्या लक्झोटिका कंपनीला विकून टाकलं. हे १९९९ साल पक्कं लक्षात ठेवा, कारण विंटेज रेबॅन म्हणून ज्याला भाव आहे तो ह्या सालाच्या आधीचा, बॉश अँड लोम्बचा माल. त्याच्या नंतरचा गॉगल ओरिजिनल असतो, चांगलाही असतो, पण विंटेजचे पैसे त्याला देऊ नका.

आता प्रत्यक्ष कसं पाहायचं. एक दहापट मोठं दाखवणारं सराफाचं भिंग घ्या, महाग नसतं, आणि गॉगल घेऊन खिडकीजवळ जा, ट्यूबलाइटखाली नको. काच समोरून पाहू नका, तिरपी धरा, उजेड काचेवरून सरकत गेला पाहिजे असा कोन करा, आणि बिजागरीच्या बाजूची काचेची कड भिंगातून हळूहळू पाहत जा. बॉश अँड लोम्बच्या बहुतेक काचांवर तिथे बीएल ही दोन इंग्रजी अक्षरं कोरलेली असतात, इतकी बारीक की नुसत्या डोळ्याला एखादा ओरखडा वाटेल. दोन्ही काचा तपासा. अक्षरं काचेत कोरलेली पाहिजेत, वरून छापलेली नाही, नखाने किंवा ओल्या कपड्याने घासून फिकी पडली तर विषय संपला. लक्झोटिकाच्या काळातल्या काचेवर त्याच जागी आरबी असतं. म्हणजे फ्रेमवर बॉश अँड लोम्ब यूएसए आणि काचेवर आरबी दिसलं तर एक तर काच नंतर बदललीय किंवा गॉगलच बनावट आहे, दोन्हीत भाव खाली यायला पाहिजे. काचेच्या वरच्या कोपऱ्यात पांढऱ्या अक्षरात रेबॅन लिहिलेलं असतं ते ८०च्या दशकापासूनचं, त्यामुळे कोणी "साठच्या दशकातला आहे भाऊ" म्हणत असेल आणि काचेवर पांढरं नाव असेल तर त्याला शांतपणे विचारा हे कसं काय.

मग मॉडेल नंबर. आरबी आणि पुढे चार आकडे, जसं आरबी ३०२५ किंवा आरबी २१४०, ही पद्धत लक्झोटिकाची. दांडीच्या आत हा नंबर आहे, शेजारी मेड इन इटली आहे, आणि वर नाकावरच्या ब्रिजवर बॉश अँड लोम्ब यूएसए पण आहे, असं पीस मी स्वतः हातात धरून पाहिलंय आणि असे पीस फार फिरतात. नकली करणाऱ्याने जेवढी भारी नावं माहीत होती तेवढी सगळी एकाच फ्रेमवर टाकली, एवढाच त्याचा अर्थ.

एक गोष्ट मात्र आपल्याकडच्या लोकांनी जास्त लक्षात ठेवावी. बॉश अँड लोम्बने ९०च्या दशकात राजस्थानात भिवाडीला कारखाना टाकला होता आणि तिथे रेबॅन बनत होते. म्हणून यूएसए लिहिलेलं नाही एवढ्यावरून एखाद्याच्या वडिलांचा गॉगल नकली म्हणून बाजूला टाकू नका. काच, कोरीव अक्षरं, बिजागरी पाहा, बिल किंवा जुनं कव्हर मिळतंय का विचारा. हे भारतातले पीस लोक उगाच हिणवतात असं मला वाटतं, आपल्या घरातल्या फोटोंमध्ये जे गॉगल दिसतात त्यातले काही हेच आहेत.

जुन्या धातूच्या एव्हिएटरवर कधी कधी १/१० १२के जीएफ असं लिहिलेलं सापडतं. म्हणजे वर बारा कॅरेट सोन्याचा थर, आणि त्या थराचं वजन धातूच्या एकूण वजनाच्या एक दशांश. हे साधं पाणी दिलेलं नाही, थर जाड असतो, दाबून बसवलेला, त्यामुळे वर्षानुवर्षं टिकतो. अमेरिकन ऑप्टिकल नावाच्या दुसऱ्या जुन्या कंपनीच्या फ्रेमवर पण हीच खूण सापडते, तिचे पायलट गॉगल स्वतःच फार सुंदर आहेत, कंपनीची खूण एओ. इतवारीत सराफा ओळीत कोणी ओळखीचे असतील तर त्यांना भिंगातून पाहायला जरूर सांगा, पण कसावर घासू देऊ नका, एकदा चरा पडला की तो कायमचा. घामाने नोजपॅडच्या मुळाशी आणि बिजागरीत हिरवा थर साचलेला असतो, त्याला घाबरू नका, कोमट पाणी, साबणाचा एक थेंब आणि मऊ ब्रशने बराचसा निघतो. नोजपॅड स्वतः तर बदलायचीच गोष्ट आहे, त्यावरून असली नकली ठरवू नका.

प्लास्टिकच्या फ्रेमचं गणित वेगळं आहे. जुन्या चांगल्या फ्रेम बहुतेक अ‍ॅसिटेटच्या असतात, कापसाच्या किंवा लाकडाच्या तंतूपासून बनलेलं मटेरियल, त्याचे पत्रे कापून, घासून, पॉलिश करून फ्रेम बनते. स्वस्त नकली फ्रेम साच्यात ओतलेल्या असतात. फरक बोटाला कळतो: दांडीच्या कडेवरून नख फिरवा, साच्यातल्या फ्रेमला दोन भाग जुळल्याची एक बारीक सरळ रेघ लागते, कापलेल्या फ्रेमला ती नसते. वजन पण हातावर घेऊन पाहा, आणि काच खरी काच असेल तर गालाला लावल्यावर थंड लागते, प्लास्टिक तेवढं लागत नाही. बॉश अँड लोम्बच्या काळातल्या रेबॅनच्या काचा शक्यतो खऱ्या काचेच्याच असायच्या.

अ‍ॅसिटेटमध्ये एक रोग असतो तो मात्र नाकाने ओळखायचा. डबी उघडताच व्हिनेगरसारखा आंबट वास आला, फ्रेमवर पांढरट पावडर किंवा चिकट ओलसरपणा दिसला, पृष्ठभागावर जाळीसारख्या भेगा दिसल्या, तर मटेरियल आतून सुटायला लागलंय. हे थांबत नाही, पॉलिश केलं तर थोडे दिवस चांगलं दिसतं आणि परत येतं. गरमीत आणि दमटपणात हे लवकर होतं, आणि आपल्याकडे मे महिन्यात ४५-४६ डिग्री आणि लगेच जूनपासून पाऊस, म्हणजे अ‍ॅसिटेटला दोन्हीकडून मार. विदर्भातल्या घरात माळ्यावरच्या पेटीत वर्षानुवर्षं पडलेली फ्रेम घेताना वास घेतल्याशिवाय पैसे काढू नका, विकणाऱ्याला विचित्र वाटलं तरी चालेल.

बाकी ब्रँडचं थोडक्यात सांगतो, पण ह्यातली सालं कामाची आहेत. पर्सोल इटलीचा, तुरीन शहरातला, १९१७ पासूनचा, जुसेप्पे रत्ती यांनी सुरू केलेला, म्हणून जुन्या पिसांवर रत्ती हे नावही सापडतं. दांडीवरचा चांदीसारखा बाण ही त्याची ओळख, खऱ्यात तो धातूचा आणि फ्रेममध्ये बसवलेला असतो, नकलीत वरून चिकटवलेला. हा ब्रँड १९९५ मध्ये लक्झोटिकाकडे गेला. कझाल १९७५ मध्ये सुरू झाला, पश्चिम जर्मनीत, मोठ्या चौकोनी फ्रेम, आणि जुन्यावर वेस्ट जर्मनी लिहिलेलं असतं. दोन्ही जर्मनी १९९० मध्ये एक झाल्या, त्यामुळे वेस्ट जर्मनी हा शिक्का खरा असेल तर पीस त्याच्या आधीचा, तारीख ठरवायला ह्याच्याइतकी सोपी खूण दुसरी नाही. कार्टिएचे गॉगल १९८३ पासून आले, तेव्हा "सत्तरचा कार्टिए" असं कोणी म्हटलं की पुढे बोलायचंच नाही, आणि एकूणच कार्टिएमध्ये नकली इतके आहेत की पहिलीच खरेदी असेल तर तिकडे जाऊ नका असं माझं स्पष्ट मत आहे.

करेरा आणि क्रिश्चियन डिओर हे दोन एकत्र सांगतो कारण इथे लोक चुकीच्या कारणाने खरा माल सोडून देतात. डिओर म्हटलं की फ्रान्स लिहिलेलं पाहिजे असं वाटतं, पण फॅशनची घराणी चष्मे स्वतः बनवत नव्हती, दुसऱ्या कंपनीला लायसन्स द्यायची. डिओरचे ७०-८०च्या दशकातले गॉगल ऑप्टिल कंपनीकडे बनायचे, तीच मंडळी करेरा पण बनवायची, म्हणून जुन्या डिओरवर ऑस्ट्रिया किंवा जर्मनी लिहिलेलं असतं आणि ते अगदी बरोबर आहे. ऑप्टिल हे मटेरियलचं पण नाव आहे, अ‍ॅसिटेटपेक्षा हलकं, चकाकी वर्षानुवर्षं टिकते, त्याला तो आंबट वासाचा रोग लागत नाही. पण ते थंड असताना वाकवलं तर तडकतं, व्यवस्थित गरम करूनच आकार द्यावा लागतो. चष्म्याच्या दुकानात फिटिंगला दिलं तर आधीच सांगा की हे ऑप्टिल आहे, आणि समोरच्याला माहीत नसेल तर परत घेऊन या, फिटिंग राहू द्या. नागपुरात राहून मला सगळ्यात जास्त आवडणारा जुना माल हाच आहे, कारण आपलं ऊन हा सहन करतो आणि रेबॅनइतकी कोणी नक्कलही करत नाही.

अजून एक खूण सगळ्या ब्रँडला लागू. दांडीच्या आत सीई अशी दोन अक्षरं असतात, युरोपातल्या सुरक्षेच्या नियमाची, ती ९०च्या दशकात यायला लागली. ७०-८०चा म्हणून विकणाऱ्या पिसावर सीई छापलेलं असेल तर तो पीस त्या काळातला नाही. यूव्ही ४०० चं (म्हणजे काच उन्हातले अतिनील किरण अडवते असं सांगणारं) स्टिकर लावून "सत्तरचा डेडस्टॉक", म्हणजे न विकता पडून राहिलेला जुना माल, म्हणणाऱ्याला पण हेच. आणि ५८, मधे छोटा चौकोन, १४ असे आकडे दिसले तर पहिला काचेची रुंदी आणि दुसरा नाकावरच्या ब्रिजची, मिलिमीटरमध्ये. स्केल लावून मोजा, नकलीत आकडा एक आणि माप दुसरंच, असं होतं.

आता नागपुरात शोधायचं कुठे. सगळ्यात आधी बाजार नाही, घर. आपल्या शहरात वायुसेनेच्या मेंटेनन्स कमांडचं मुख्यालय आहे, बाजूला कामठीची छावणी आहे, रेल्वेचे दोन विभाग आहेत, आणि ७०-८०च्या दशकात आखातात नोकरीला जाऊन आलेले बरेच लोक आहेत. अशा घरांत कपाटाच्या वरच्या खणात गॉगल पडून असतात आणि घरच्यांना त्याचं काही नसतं. ओळखीत सांगून ठेवा, लग्नकार्यात विषय काढा. आणि मिळाला तर योग्य भाव द्या, हे मी मनापासून सांगतो: एखाद्या काकूंना काकांचा गॉगल काय किमतीचा आहे माहीत नसेल तर तुम्ही आधी त्यांना सांगा, मग सौदा करा. पुढचा पीस कोणाकडे आहे हे तुम्हाला त्याच सांगणार आहेत.

दुसरी जागा म्हणजे जुनी चष्म्याची दुकानं, इतवारी, महाल, सदर, बर्डी, जिथे दुसरी तिसरी पिढी बसते. नवीन चकाचक शोरूममध्ये काही मिळत नाही. दुपारी दोन ते चार ऊन असताना गिऱ्हाईक कमी असतं, तेव्हा जा, आणि थेट "विंटेज आहे का" विचारू नका, त्या शब्दाने एक तर भाव चढतो किंवा नाही म्हणून मोकळे होतात. "काका, जुना स्टॉक न विकलेला काही पडून आहे का, फ्रेम पाहायच्या होत्या," असं विचारा. थोडं बसा, चहा आला तर प्या. मागच्या खोक्यातून न वापरलेल्या फ्रेम निघाल्या तर काचेवर जुनं स्टिकर, दांडीला धाग्याने बांधलेली किमतीची चिठ्ठी, असं सगळं जसंच्या तसं ठेवायला सांगा, तो पुरावा आहे. रविवारी बर्डीत फुटपाथवर लागणाऱ्या बाजारात पण ढिगातून एखादा खरा निघू शकतो, पण तिथे सकाळी लवकर जा, भिंग खिशात ठेवा, आणि चेहऱ्यावर काही दिसू देऊ नका.

ऑनलाइन घेत असाल तर विकणाऱ्याकडून फोटो मागा: दोन्ही काचांच्या कडा तिरप्या उजेडात, दोन्ही दांड्यांची आतली बाजू, ब्रिजचा मागचा भाग, बिजागरी उघडी आणि बंद, आणि गॉगल सपाट टेबलावर उलटा ठेवून, म्हणजे फ्रेम वाकडी आहे का कळतं. फोटो देत नाही म्हणतो, "घ्यायचा तर घ्या" म्हणतो, तर सोडा. भाव ठरवताना लोक काय मागतात ते पाहू नका, खरोखर विकल्या गेलेल्या पिसांची किंमत पाहा, त्यात फार अंतर असतं. परदेशातून मागवायचा विचार असेल तर सावध राहा, आपल्याकडे वापरलेल्या जुन्या वस्तू इम्पोर्ट करण्यावर निर्बंध आहेत, पार्सल कस्टममध्ये अडकू शकतं, आणि सुटलं तरी ड्यूटी, जीएसटी आणि कुरियरवाल्याचा चार्ज असा खर्च वर बसतो. त्यापेक्षा तिकडे राहणारं कोणी सुट्टीत घरी येत असेल तर त्यांना सांगणं बरं.

गॉगल खरा निघाला, घेतला, आता घालण्याआधी एक काम कराच. काचेचा यूव्ही तपासून घ्या. बऱ्याच ऑप्टिशियनकडे छोटं मशीन असतं, काच आत ठेवली की आकडा दिसतो, दोन मिनिटांचं काम. काळी काच म्हणजे सुरक्षित काच असं नसतं, उलट काळ्या काचेमागे डोळ्याची बाहुली मोठी होते, आणि काच यूव्ही अडवत नसेल तर साध्या डोळ्यापेक्षा जास्त यूव्ही आत जाऊ शकतं. आपल्या उन्हात नवतपा सुरू असताना हा प्रयोग डोळ्यांवर करू नका. काच नापास झाली तर फ्रेम फेकायची नाही, चांगल्या माणसाकडून यूव्ही ४०० ची नवीन काच बसवून घ्या, आणि मूळ काचा टिश्यूत वेगवेगळ्या गुंडाळून, वर गॉगलचं नाव लिहून ठेवा, पुढे विकायचा झाला तर त्या काचांसकट पैसे मिळतात. स्कूटीवर रोज वापरणार असाल तर तर काच बदलाच, खरी काच डोळ्यासमोर फुटली तर काय होईल ते सांगायला नको, आणि संध्याकाळी अंबाझरीकडे जाताना ऊन थेट तोंडावर येतं तेव्हा चरे पडलेल्या जुन्या काचेतून समोरचं नीट दिसतही नाही.

ठेवायची पद्धत सोपी आहे. गाडीच्या डॅशबोर्डवर कधीच नाही, उन्हात उभ्या गाडीत अ‍ॅसिटेट वाकतं. स्पिरिट, थिनर, नेलपॉलिश रिमूव्हर लावायचं नाही, रिमूव्हरमधल्या अ‍ॅसिटोनने अ‍ॅसिटेट विरघळतं. साधं पाणी, थोडा साबण, सुती कपडा. हवाबंद प्लास्टिक डब्यात बंद करून ठेवू नका, कपड्याच्या पाऊचमध्ये, थोडी हवा लागेल अशा कपाटात ठेवा, आणि ज्या फ्रेमला तो आंबट वास यायला लागला ती बाकीच्यांपासून त्याच दिवशी वेगळी करा, तिच्यातून निघणाऱ्या वाफेने शेजारच्या चांगल्या फ्रेम पण खराब होतात.